११२ : पलीकडच्या माणसाला काही दिसत नसतं

(लोणावळ्यात पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आधी एक साधा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी आजवर एकदा तरी ११२ किंवा १०८ लावला आहे? हात वर करा. सहा... सात. बरं. आता दुसरा प्रश्न. अपघात झाला, आग लागली, अब्बांच्या छातीत कळ आली, गल्लीत मारामारी झाली, तेव्हा पहिला फोन मामूला, मोठ्या भावाला, मोहल्ल्यातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला केला किंवा थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, असे किती? बघा, जवळजवळ सगळेच हात वर आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरात एवढं अंतर का आहे आणि त्याची किंमत कोण मोजतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

मी पोलीस नाही, डॉक्टरही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, राहते तळेगावला, नोकरी हिंजवडीत. आमच्या कामात ‘ऑन-कॉल’ नावाची पाळी असते. मध्यरात्री कुठलीतरी सिस्टीम बंद पडते, फोन वाजतो आणि पलीकडचा घाबरून म्हणतो, “काहीच चालत नाहीये.” काय चालत नाही? कुठे? केव्हापासून? एकाचं की सगळ्यांचं? हे एकेक विचारून काढावं लागतं, कारण मला त्याची स्क्रीन दिसत नसते. ११२च्या खुर्चीत बसलेली व्यक्ती दिवसभर हेच करते. आमच्याकडे फार तर कंपनीचे पैसे बुडतात. तिच्याकडे मात्र फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बुडत असतं.

सगळ्यात आधी, हा फोन जातो कुठे ते समजून घेऊ.

आपल्याला वाटतं, लोणावळ्यातून ११२ लावला की लोणावळा पोलीस ठाण्यात घंटी वाजते. तसं होत नाही. महाराष्ट्रातले ११२चे फोन नवी मुंबई आणि नागपूर इथल्या दोन केंद्रांत घेतले जातात. फोन घेणारी व्यक्ती तुमचं म्हणणं ऐकते आणि संगणकावर एक नोंद तयार करते : ठिकाण, घटनेचा प्रकार, वेळ, तुमचा नंबर. ही नोंद संबंधित जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात जाते. तिथे दुसरी व्यक्ती बसलेली असते, तिला इंग्रजीत ‘डिस्पॅचर’ म्हणतात. कुठली गाडी जवळ आहे, कुठली मोकळी आहे हे पाहून ती गाडी पाठवते. गाडीतल्या पोलिसांकडे एक छोटा संगणक असतो, त्यावर ही नोंद उमटते. ‘निर्भया’ निधीतून उभी राहिलेली ही देशव्यापी यंत्रणा नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वांत आधी हिमाचल प्रदेशात सुरू झाली आणि नंतर एकेक राज्य तिच्यात आलं. तिचं मूळ सॉफ्टवेअर तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने तयार केलं आहे.

१०८ वेगळा. तो रुग्णवाहिकेचा. आपल्या राज्यात ही सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह. त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं आणि ७०४ मध्ये प्राथमिक साधनं, आणि गाडीत डॉक्टर. तिचं केंद्र पुण्यात औंधला उभं राहिलं. देशात १०८ची सुरुवात त्याआधी, १५ ऑगस्ट २००५ला, आंध्र प्रदेशातून झाली होती.

म्हणजे तुम्ही भाजे गावातून फोन केलात तर तो घेणारी व्यक्ती कदाचित नागपूरची असेल. तिने आयुष्यात भाजे पाहिलेलं नसेल. तुम्ही म्हणालात, “मस्जिदीच्या मागच्या गल्लीत, शकीलभाईच्या दुकानाजवळ,” तर तुमच्या मोहल्ल्यात हा पत्ता पोस्टमनलाही पुरतो, पण तिला यातून काहीच मिळत नाही. तिला काही दिसत नसतं. तिचे डोळे तुम्ही असता. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता ही कल्पना आली कुठून, तेही थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली. समोर राहणाऱ्या एका माणसाने टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला. तेव्हा सगळे फोन ऑपरेटरमार्फत जात आणि हा फोन इतर फोनांच्या रांगेत अडकला. त्या आगीत पाच स्त्रिया मेल्या. त्या शेजाऱ्याने चिडून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि ३० जून १९३७ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर लावला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे ऑपरेटरने हातातलं सोडून आधी हा फोन घ्यायचा. ही सेवा एका सामान्य नागरिकाच्या तक्रारीतून आली. नागरिकाने तक्रार केली, व्यवस्थेला बदलावं लागलं. हा मुद्दा मी पुढे परत काढणार आहे.

आता आपल्या मावळात येऊ.

मावळासारख्या भागात डिस्पॅचरचं काम अवघड का आहे, ते नकाशाच सांगतो. एकच तालुका, पण तळेगावची बाजू २०१८ मध्ये झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात, तर वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. खंडाळ्याचा घाट उतरलात की रायगड जिल्हा. एकाच दरीचा वरचा काठ पुण्यात आणि तळ खोपोलीकडे. नागफणीवर, म्हणजे ज्याला आपण ड्यूक्स नोज म्हणतो तिथे, तुमचा मोबाइल वरच्या टॉवरला न जोडता खालच्या, रायगडातल्या टॉवरला जोडला जाऊ शकतो. तुम्ही उभे एका जिल्ह्यात आणि फोन बोलतोय दुसऱ्या जिल्ह्यातून.

“पण त्यांना लोकेशन आपोआप कळतं ना?” हा प्रश्न मला प्रत्येक कॉलेजात विचारतात. ओला-उबर आपल्याला बरोबर दारात शोधते, मग पोलीस का नाही? उत्तर असं : तुमच्या फोनला तुम्ही कुठे आहात ते जीपीएसमुळे माहीत असतं. पण साधा फोन लागतो तेव्हा केंद्राला नेहमी तेच नेमकं ठिकाण मिळेल असं नाही. अनेकदा मिळतो तो टॉवर आणि त्याच्या आसपासचा अंदाज. शहरात टॉवर दाट असतात, तिथे हा अंदाज काही शे मीटरचा असतो. डोंगरात तो काही किलोमीटरचा होतो. लोहगड आणि विसापूर शेजारी-शेजारी आहेत. चुकीच्या किल्ल्यावर पथक चढलं तर दिवस मावळतो.

म्हणून लोकेशन तोंडाने सांगायला शिका. रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो, कारण तो उपग्रहांकडून येतो. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. लोणावळा परिसरात पहिला आकडा १८ने सुरू होईल आणि दुसरा ७३ने. दशांशानंतरचे चार-पाच आकडे वाचून दाखवा. हे दोन आकडे जगातल्या कुठल्याही खुर्चीत बसलेल्या माणसाला कळतात, त्याला शकीलभाईंचं दुकान माहीत असण्याची गरज नाही.

एक्स्प्रेसवेवर असाल तर कडेच्या पाटीवरचा किलोमीटर सांगा आणि बाजू सांगा : मुंबईकडे जाणारी की पुण्याकडे जाणारी. बाजू चुकली तर रुग्णवाहिकेला मधला दुभाजक ओलांडता येत नाही, तिला पुढे जाऊन वळून यावं लागतं. वर की खाली, हेही सांगा. १३ जून २०२३ला खंडाळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं. चार जणांचा जीव गेला, त्यात खालच्या रस्त्यावरून जाणारेही होते. अशा वेळी “पुलाजवळ आग लागलीय” या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही ठिकाणी मदत लागते. रेल्वेमार्गालगत असाल तर विजेच्या खांबावरचा नंबर वाचा, त्यात किलोमीटर असतो. गावात असाल तर ग्रामपंचायत, शाळा, एसटीचा थांबा. दुकानाच्या पाटीवर खाली पत्ता लिहिलेला असतो, तो वाचून दाखवला तरी चालतं.

आता तीन घटना सांगते. तीनही आपल्या जिल्ह्यातल्या. त्या सांगताना मला कुणाला दोष द्यायचा नाही.

पहिली, मे २०२२. दिल्लीहून आलेला एक विशीतला इंजिनिअर एकटाच नागफणीकडे गेला आणि जंगलात वाट चुकला. वाट चुकल्याचं त्याने फोनवरून आपल्या माणसांना कळवलं होतं. मग फोन बंद झाला. पोलीस, लोणावळ्याची शिवदुर्ग संस्था, एनडीआरएफ, आयएनएस शिवाजीचे जवान, सगळ्यांनी दरी पालथी घातली. चौथ्या दिवशी खोल दरीत त्याचा मृतदेह मिळाला. संकटात घरच्यांना फोन करणं ही माणसाची पहिली इच्छा असते, त्यात चूक काही नाही. मी तुम्हाला एवढंच सांगते की जंगलात बॅटरी हे पाणी समजायचं. पहिला फोन ११२ला, कारण तुमचं शेवटचं ठिकाण शोधण्याचे अधिकार आणि साधनं त्यांच्याकडे आहेत. दिल्लीत बसलेल्या भावाकडे ती नसतात. घरी एक मेसेज टाका. मेसेजला बॅटरी आणि रेंज दोन्ही कमी लागतात. आणि फोन लागल्यावर जागा सोडू नका. शोधपथक तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी निघालेलं असतं आणि तुम्ही चालत राहिलात तर ते ठिकाण खोटं ठरतं.

दुसरी, ३० जून २०२४. रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार लहान मुलं. एकमेकांना घट्ट धरून पाण्याच्या मधोमध उभं असलेलं ते कुटुंब तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. नावं मी घेणार नाही. तो व्हिडिओ पुन्हा पाठवूही नका, ती कुणाची तरी मुलं होती. इथे मला एक कडू गोष्ट सांगायची आहे. त्या क्षणी कुणी जगातला सर्वांत वेगवान फोन केला असता तरी गाडी तिथे त्या मिनिटांत पोचणं कठीण होतं. ११२ म्हणजे दोर नाही आणि नावही नाही. फोन आणि मदत यांच्यात रस्ता असतो, आणि पावसाळ्यातल्या रविवारी भुशीचा रस्ता कसा असतो ते लोणावळ्यातल्या मुलांना मी काय सांगू! म्हणून फोनची वेळ आधीची असते. घाटात पाऊस वर पडतो आणि पाणी खाली वाढतं. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं, रंग गढूळ झाला, काटक्या वाहत येऊ लागल्या, की बाहेर पडायचं. कुणी मध्ये अडकलेलं दिसलं, अजून ते हसत असले तरी, त्याच वेळी फोन करायचा. “नंतर काही झालं नाही तर?” मग फारच छान. फोन परत लावून सांगायचं, सुटले, येऊ नका.

तिसरी, १५ जून २०२५. हाही रविवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास जखमी. आमच्या तळेगावच्या घरापासून ही जागा लांब नाही. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर एकामागून एक मेसेज येत होते आणि प्रत्येकात मृतांचा आकडा वेगळा होता. आता नियंत्रण कक्षातून हीच घटना बघा. एका मोठ्या दुर्घटनेत एकाच वेळी अनेक फोन येतात. कुणी म्हणतं कुंडमळा, कुणी इंदोरी, कुणी शेलारवाडी, कुणी नुसतं “तळेगावचा पूल”. डिस्पॅचरला काही सेकंदांत ठरवायचं असतं : ही चार ठिकाणं की एकच? दहा माणसं की शंभर? नेहमीची गाडी पाठवायची की दोर, बोटी, अनेक रुग्णवाहिका आणि एनडीआरएफ? एनडीआरएफची पाचवी तुकडी आपल्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला असते. पण तिला बोलवायचं की नाही हे तुम्ही फोनवर काय सांगता त्यावर ठरतं. म्हणून मोठ्या घटनेत तीन गोष्टी सांगा : काय कोसळलं, माणसं अंदाजे किती, आणि ती कशात आहेत, पाण्यात, ढिगाऱ्यात की आगीत. जे पाहिलं तेवढंच सांगा. ग्रुपवर वाचलेला आकडा सांगू नका.

आणि कुणीच फोन करू शकत नसेल तर काय होतं, तेही आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि त्याला गाव जागेवर दिसलंच नाही. त्याने कळवलं. “मला काय त्याचं, माझी फेरी पूर्ण झाली,” असं म्हणून तो परत फिरला नाही. यंत्रणा कितीही मोठी असो, तिची पहिली कडी एक जागं माणूस असतं.

आता आपल्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते. आपण फोन का करत नाही?

मी मोहल्ल्यातल्या मुलामुलींना हे विचारते तेव्हा चार उत्तरं येतात. “पोलिसांची भीती वाटते.” “नाव ऐकून नीट बोलतील का?” “नंतर कोर्टकचेरी मागे लागेल.” आणि “घरातली गोष्ट बाहेर जाईल.”

पहिल्या दोन उत्तरांना मी हसून उडवणार नाही. ही भीती हवेतून आलेली नाही, प्रत्येक घरात तिचा एखादा किस्सा आहे. माझ्याकडेही आहे. एका रात्री शेजारच्या इमारतीतल्या भांडणासाठी मी फोन केला, तर मला उत्तर देणाऱ्याने ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून दोनदा दुसरीकडे फोन करायला सांगितलं. मी शांतपणे म्हटलं, “माझी तक्रार नोंदवा आणि नोंदीचा नंबर सांगा.” त्यानंतर संभाषण वेगळ्या सुरात झालं.

त्या रात्रीपासून मी हेच सगळ्यांना सांगते. तुम्ही ओळखीच्या नेत्याला फोन करता तेव्हा कुठेही नोंद होत नाही. तो आला तर मेहेरबानी, नाही आला तर नशीब. ११२ला फोन करता तेव्हा वेळेसकट नोंद होते : किती वाजता फोन आला, कुणी घेतला, गाडी कधी निघाली, कधी पोचली. गाडी उशिरा आली तर तुम्ही लेखी विचारू शकता. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. लंडनच्या त्या शेजाऱ्याकडेही एवढंच होतं : मी फोन केला होता, आणि तो उचलला गेला नाही. तक्रार करायची तर आधी फोन केलेला असावा लागतो.

आणि इंजिनिअर म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. कुठलीही सिस्टीम तिच्यात जे येतं तेवढंच पाहू शकते. कुठे गाडी उभी ठेवायची, कुठे जास्त माणसं द्यायची, हे ठरवताना कुणीही फोनांच्या नोंदी बघणार. ज्या वस्तीतून फोनच जात नाहीत, तिथे त्या नोंदींनुसार कधी काही घडतच नाही. तिथली आग, तिथले हार्ट अटॅक, तिथला मार, काहीच नकाशावर उमटत नाही. मग आपणच म्हणतो, आमच्याकडे कुणी येत नाही. आधी नकाशावर तर या.

तिसरं उत्तर, कोर्टकचेरी. ही भीती आता जुनी झाली. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ला निर्देश पक्के केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, मदतीत काही कमी-जास्त झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२०च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि धर्म, जात, राष्ट्रीयत्व, लिंग यावरून त्याच्याशी भेदभाव करता येत नाही. हे वाक्य पाठ करा. शिवाय मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचारांची केंद्राची योजना आहे. त्यात अपघाताची खातरजमा पोलिसांकडून होते. म्हणजे तुम्ही केलेला ११२चा फोन जखमीच्या औषधपाण्याच्याही कामाला येतो.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कामशेतच्या पुढे एक मोटारसायकलवाला पडला होता, तेव्हा मी १०८ लावला. मला विचारलेले प्रश्न अजून आठवतात. नेमकं कुठे? शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का? रक्त कुठून येतंय? हेल्मेट आहे का? काढू नका. माझं आडनाव कुणी विचारलं नाही, त्याचंही नाही. गाडी येईपर्यंत मी त्याच्या डोक्यावर ओढणीची सावली धरून बसले आणि जमलेल्या पोरांना रहदारी वळवायला सांगितलं. कुणी पाणी पाजायला पुढे आलं, त्याला थांबवलं. एवढंच माझं काम होतं, आणि ते कुणालाही जमतं.

चौथं उत्तर सगळ्यात जड आहे. “घरातली गोष्ट बाहेर जाईल.” माझ्या बहिणींनो, आणि भावांनो तुम्ही जास्त लक्ष देऊन ऐका. घरात बाईला मार पडत असेल तर ती तातडीची घटनाच आहे. आग शेजाऱ्याच्या घरात लागली की आपण “त्यांच्या घरातली गोष्ट आहे” म्हणत नाही. बिरादरीतली मोठी माणसं बसून सकाळी समेट करतील, पण रात्री अडीच वाजता दार बंद असताना तिला गाडी हवी असते. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. मोठ्याने बोलता येत नसेल तर पत्ता तरी सांगा, आणि तेही शक्य नसेल तर फोन चालू ठेवा, ठेवून देऊ नका. १ जानेवारी २०१७ पासूनच्या सरकारी नियमाप्रमाणे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असावं लागतं. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ दाबायचं. आज घरी गेल्यावर अम्मीच्या फोनमध्ये ते कसं चालतं ते सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि तिला दाखवा.

आता दोन शब्द त्या खुर्चीतल्या माणसाबद्दल. त्यांना आपण ‘कॉल सेंटरवाले’ म्हणून मोकळे होतो. विचार करा : पाळीभर कानात किंकाळ्या, शिव्या, रडणं, आणि मध्येमध्ये टवाळ पोरांचे खोटे फोन. एक फोन संपतो, त्या माणसाचं पुढे काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही आणि पुढचा फोन वाजतो. चिडून आपण म्हणतो, “प्रश्न काय विचारत बसलाय, गाडी पाठवा!” पण बहुतेक वेळा तुम्ही पत्ता सांगितला की एकीकडे गाडीची सोय सुरू झालेली असते आणि प्रश्न तुम्हाला गुंतवून ठेवण्यासाठी नसतात. श्वास थांबलाय असं तुम्ही सांगितलंत तर पलीकडचा प्रशिक्षित माणूस फोनवरूनच तुमच्याकडून छातीवर दाब देऊन घेऊ शकतो : छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. जगात अनेक जीव असे टेलिफोनवरून वाचले आहेत. म्हणून फोन स्पीकरवर ठेवा आणि तो सांगेपर्यंत ठेवून देऊ नका.

आणि गंमत म्हणून फोन लावणाऱ्या भाईलोकांना एवढंच सांगा की विंपोल स्ट्रीटवरच्या त्या पाच जणी दुसऱ्यांच्या फोनमागे रांगेत अडकल्या होत्या.

भाषण संपवून आता आपण सराव करणार आहोत. दोन-दोन जणांच्या जोड्या करा. एकाने पाठ फिरवून बसायचं, तो नागपूरचा. त्याला मावळ माहीत नाही. दुसऱ्याने चिठ्ठी उचलायची. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहिले आहेत : विसापूरच्या वाटेवर पाय मोडला, पवना धरणाकाठी पोरगा बुडतोय, लोकलमध्ये म्हातारीला चक्कर आली, चौथ्या मजल्यावर सिलिंडर पेटला. क्रम एकच : आधी कुठे, मग काय, मग किती माणसं, मग आपला नंबर. पंचेचाळीस सेकंद. आवाज शांत, वाक्यं छोटी. मराठीत बोला, हिंदीत बोला, घरच्या दखनीत बोललात तरी चालेल, पण पत्ता असा सांगा की पाठ फिरवलेल्याला कागदावर तो लिहिता आला पाहिजे. लिहिलेला पत्ता मग आपण नकाशावर शोधू. सापडला तर पास.

ज्यांना हे जमेल त्यांनी पुढच्या जुम्म्याला आपापल्या मोहल्ल्यात दहा जणांकडून हाच सराव करून घ्यायचा. आपल्या गल्लीचा पत्ता परक्या माणसाला कळेल असा एका कागदावर लिहायचा आणि घराघरात दाराच्या मागे चिकटवायचा, कारण घाबरल्यावर स्वतःचा पिनकोडही आठवत नाही. ज्यांना त्यापुढे जायचं असेल, त्यांच्यासाठी लोणावळ्यात शिवदुर्ग आहे, मावळात वन्यजीव रक्षक आहेत. दरीत उतरून माणसं बाहेर काढणारी ही इथलीच पोरं आहेत. त्यांना भेटा, दोर धरायला शिका. कोरोनात पुण्यातल्या मुस्लिम तरुणांनी सर्व धर्मांच्या मृतांचे अंत्यसंस्कार केले, हे गावाने पाहिलं आहे. माणूस जिवंत असतानाच पोचणारी मदतही आपल्याच हातची आहे, आणि तिची सुरुवात तीन आकड्यांनी होते.

चला, चिठ्ठ्या उचला. पहिली जोडी कोण?